गाठीच्या तापाला नाव देणारा डॉक्टर

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात पावसाळा संपत आला होता. गोदीपासून जवळ असलेल्या या वस्तीत धान्याची मोठमोठी गोदामे होती. त्यांच्या वरच्या आणि मागच्या चाळींमध्ये अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे दाटीवाटीने राहत होती. तिथल्या नवरोजी हिल परिसरातील एका रुग्णाला पाहण्यासाठी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांना बोलावणे आले. रुग्णाला जोराचा ताप होता आणि अंगावर गाठ आली होती. ताप आणि गाठ ही दोन लक्षणे त्या काळच्या मुंबईत रोज कुठे ना कुठे दिसत. पण या तापाला व्हिएगस यांनी जे नाव दिले, ते ऐकून शहर हादरले. हा प्लेग होता.

आज हे नाव सोपे वाटते, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी ते ठाऊक नव्हते. लक्षणांवरून निदानापर्यंत डॉक्टर कसा पोहोचतो, हे समजून घ्यायचे असेल तर या गोव्याच्या डॉक्टरचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

हडफडे ते मांडवी

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यात बार्देशमधील हडफडे या गावी झाला. शिक्षणासाठी मुंबईला येण्याची वाट तेव्हा अनेक गोमंतकीय तरुण धरत. तेही त्याच वाटेने आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली ते वैद्यकीय परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि मांडवीत त्यांनी आपला दवाखाना थाटला. १८८८ मध्ये ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले.

या दोन्ही गोष्टी पुढच्या घटनेसाठी महत्त्वाच्या आहेत. मांडवीत त्यांनी सोळाएक वर्षे रुग्ण पाहिले होते. त्या वस्तीत पावसाळ्यात कोणता ताप येतो, हिवाळ्यात कोणता, किती माणसे दगावतात, हे त्यांना कागदांवरून नव्हे तर जिने चढून उतरून माहीत झाले होते. नेहमीचे काय ते ज्याला पक्के ठाऊक असते, त्यालाच वेगळे काय ते लवकर खटकते. दुसरीकडे, नगरसेवक असल्यामुळे त्यांना जे दिसले ते सांगण्यासाठी एक जागाही होती.

एकाच लक्षणाची अनेक घरे

तापासोबत जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की डॉक्टरच्या मनात एकच आजार येत नाही, एक यादी येते. १८९६ च्या मुंबईत ही यादी बरीच लांब होती.

सर्वात आधी येते ते अवधाण. पायाला काटा लागला, जखम चिघळली की जांघेत गाठ धरते, हे खेड्यातल्या आजीलाही ठाऊक असते. म्हणून गाठ पाहिली की डॉक्टरने आधी पाय पाहावा. टाचेची भेग, बोटांमधील चिखल्या, जुनी जखम सापडली तर कोडे तिथेच सुटते. मुंबईच्या दमट हवेत हत्तीरोगही होता. त्यातही ताप येतो, गाठी सुजतात, पण पायावर लालसर पट्टा उमटतो आणि असे झटके वारंवार येऊन गेल्याचा इतिहास रुग्ण सांगतो. गरमीसारख्या गुप्तरोगातही जांघेत गाठ येते. मात्र ती सावकाश वाढते, रुग्ण हिंडता-फिरता असतो, आणि ती लहान मुलांत सहसा दिसत नाही. मानेत सूज असेल तर गालगुंड किंवा गंडमाळा. गंडमाळांना महिने लागतात.

आता तापाच्या बाजूने पाहू. हिवतापात थंडी वाजते, ताप चढतो, घाम येऊन उतरतो आणि ठरावीक अंतराने परत येतो. पोटात पानथरी वाढते, पण जांघेत गाठ धरत नाही. विषमज्वर पायरी-पायरीने चढतो. रुग्ण आठवडा-दोन आठवडे झुरतो.

प्लेगचा रुग्ण या कुठल्याच चौकटीत बसत नाही. ताप अचानक आणि जोरात येतो. काही तासांत माणूस गळून जातो. डोळे लाल होतात, बोलणे अडखळते, चाल दारू प्यायल्यासारखी झोकांड्या देणारी होते. गाठ इतकी दुखते की रुग्ण हात लावू देत नाही. जांघेत असेल तर पाय पोटाशी घेऊन पडून राहतो. पायावर मात्र जखम सापडत नाही. आणि काल कामावर गेलेला धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत दगावतो.

निदानाची ही पहिली पायरी आहे. कोणते लक्षण आहे याइतकेच ते कोणत्या क्रमाने आले, किती वेगाने वाढले आणि जे असायला हवे होते ते काय नाही, हे पाहावे लागते. जखमेविना आलेली गाठ हा पुरावा आहे. न सापडलेली गोष्टसुद्धा रुग्णाच्या कागदावर लिहायची असते ती यासाठी.

दुर्मीळाचा विचार कधी करायचा?

तरीही एवढ्यावर प्लेगचे नाव घेणे सोपे नव्हते. अंगणात पावले वाजली की आपल्याला आधी शेजारी आठवतो, वाघ नाही. वैद्यकातही हेच शिकवले जाते. नेहमी दिसणारा आजार थोड्या वेगळ्या रूपात येण्याची शक्यता, दुर्मीळ आजार नेहमीच्या रूपात येण्यापेक्षा बहुधा जास्त असते. प्लेग हिंदुस्थानला अगदी अनोळखी नव्हता. जहांगीरच्या काळात तो येऊन गेला होता, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कच्छ-गुजरातेत आणि राजस्थानातील पाली इथे त्याने माणसे मारली होती, आणि हिमालयाच्या पायथ्याशी गढवाल-कुमाऊँमध्ये तो अधूनमधून डोके वर काढत असे. पण मुंबईत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरसाठी तो पुस्तकातला आजार होता.

मग पारडे कशाने फिरते? रुग्णाच्या अंगाबाहेरच्या पुराव्याने. एका घरात एक रुग्ण असेल तर तो अपवाद म्हणून सोडून देता येतो. पण त्याच गल्लीत, त्याच पंधरवड्यात, तशाच गाठी घेऊन माणसे आजारी पडू लागली आणि मरू लागली, तर प्रत्येक रुग्ण आधीच्या रुग्णाचा अर्थ बदलतो. मांडवीत नेमके हेच घडत होते. धान्याच्या गोदामांच्या आसपास मेलेले उंदीर दिसत होते. आणि दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते. तिथेच अलेक्झांडर यर्सिन आणि शिबासाबुरो कितासातो यांनी या रोगाच्या जंतूचा शोध लावला होता. हाँगकाँग आणि मुंबई या दोन बंदरांमध्ये जहाजांची सतत ये-जा होती. मांडवी त्या गोदीच्या दारातच होती.

गाठीचा ताप, जखमेचा अभाव, झपाट्याने येणारा मृत्यू, एकाच वस्तीत साचलेले रुग्ण, मेलेले उंदीर आणि रोग असलेल्या बंदराशी व्यापार. यातली कुठलीही एक गोष्ट सुटी घेतली तर तिचे दुसरे स्पष्टीकरण देता येते. सगळ्या एकत्र ठेवल्या की एकच स्पष्टीकरण उरते. निदान म्हणजे अंतःप्रेरणा नव्हे आणि चमत्कारही नव्हे. प्रत्येक नव्या माहितीनिशी आधीचा अंदाज प्रामाणिकपणे बदलत जाणे, एवढेच ते असते. आज यामागचे गणित वैद्यकीय विद्यार्थ्यांना संभाव्यतेच्या भाषेत शिकवतात. चांगले डॉक्टर ते गणित त्याआधीपासून रुग्णाच्या खाटेशेजारी करत आले आहेत.

नाव घेण्याची किंमत

व्हिएगस यांनी हे निदान स्वतःपाशी ठेवले नाही. २३ सप्टेंबर १८९६ ही तारीख त्यांच्या निदानाशी कायमची जोडली गेली आहे. महापालिकेच्या कारभाऱ्यांपुढे त्यांनी प्लेग हा शब्द उच्चारला.

त्या शब्दाचा अर्थ काय होता, हे समजले तरच त्यामागचे धाडस कळते. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. इथे प्लेग आहे असे जाहीर झाले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, कापूस आणि धान्य धक्क्यावर पडून राहणार, गिरण्या थंडावणार, माणसे शहर सोडणार. निदान चुकले असते तर हे सगळे नुकसान एका डॉक्टरच्या माथी आले असते, आणि त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा कोणी चढले नसते. उलट, निदान बरोबर असून तो गप्प बसला असता, तर कोणी त्याला जाब विचारला नसता. त्यामुळे अधिकारीवर्गाने सुरुवातीला हा शब्द टाळण्याचा प्रयत्न केला, यात नवल नाही. वेगळ्या प्रकारचा ताप आहे, गाठींचा ताप आहे, अशी सौम्य भाषा वापरली गेली.

निदानात दोन प्रकारच्या चुका होतात. नसलेला आजार आहे म्हणणे ही एक, आणि असलेला आजार नाही म्हणणे ही दुसरी. दोन्हींची किंमत सारखी नसते. साध्या सर्दीला न्यूमोनिया म्हटले तर काही गोळ्या फुकट जातात. न्यूमोनियाला सर्दी म्हटले तर जीव जातो. प्लेगच्या बाबतीत दुसऱ्या चुकीची किंमत हजारो जीवांमध्ये मोजावी लागणार होती. म्हणून पूर्ण खात्रीची वाट न पाहता संशय जाहीर करणे आणि लगेच तो तपासून घेणे, हाच योग्य मार्ग होता.

संशयाची परीक्षा

तपासणी झालीही. मुंबई सरकारने स्वतंत्र तज्ज्ञांकडून या निदानाची शहानिशा करून घेतली. कलकत्त्यात कॉलऱ्याच्या लशीवर काम करणारे वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईत दाखल झाले. रुग्णांच्या नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू दिसले आणि व्हिएगस यांचे निदान पक्के झाले. खाटेशेजारी सुरू झालेला विचार प्रयोगशाळेत पूर्ण झाला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सूक्ष्मदर्शक उत्तर देतो, पण प्रश्न आधी कोणीतरी विचारावा लागतो. प्लेगचा संशयच आला नसता तर जंतू शोधायला कोणी काच पुसली नसती.

हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अगदी अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. लोकांना लस म्हणजे नवे संकट वाटत असे. अशा वेळी व्हिएगस यांनी स्वतःच्या हातांनी सुमारे १८ हजार जणांना लस टोचल्याचे त्यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे. ज्या डॉक्टरने आजाराचे नाव सांगितले, तोच उपाय घेऊन दारात उभा राहिला, म्हणून लोकांनी बाह्या वर केल्या असाव्यात.

बरोबर निदान, चुकलेले उपचार

निदान बरोबर आले म्हणजे पुढचे सगळे बरोबर होते असे नाही. रोग पसरतो कसा, हे १८९६ मध्ये कोणालाच नेमके माहीत नव्हते. घाण आणि दूषित हवा यांनाच दोष दिला जाई. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली. व्हिएगस यांनी वस्त्यांच्या स्वच्छतेचा आणि उंदरांच्या बंदोबस्ताचा आग्रह धरला, तो योग्य दिशेचा होता. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. आणि तेही सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. उंदीर मेला की त्याचे थंड झालेले अंग सोडून पिसवा नवे घर शोधतात. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे गावोगावच्या लोकांनी अनुभवाने ओळखले होते. विज्ञानाला त्याचे कारण नंतर सापडले.

दरम्यान सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. घरांत शिरून झडती, रुग्णांची आणि नातेवाइकांची सक्तीने रवानगी, सामानाची जाळपोळ सुरू झाली. लोक आजाऱ्यांना लपवू लागले. रुग्ण लपला की निदान होत नाही आणि निदान झाले नाही की साथ पसरते. पुण्यात या जाचाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला. मुंबईतून लाखो माणसे गावाकडे निघून गेली आणि त्यांच्यासोबत रोगही देशभर गेला. कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने गेले; १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. पुढच्या दोन-अडीच दशकांत देशभर प्लेगचे बळी एक कोटीच्या पुढे गेले.

नाव कळले, पण औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी जवळपास ५० वर्षे लागणार होती. तरीही नाव कळल्यामुळेच लस आली, प्रयोगशाळा आली, आणि कोंदट चाळींच्या प्रश्नाकडे लक्ष जाऊन १८९८ मध्ये शहर सुधार ट्रस्ट स्थापन झाला.

व्हिएगस १९०६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबी तलाव भागात, मेट्रो सिनेमाजवळ, त्यांचा पुतळा आजही उभा आहे. समोरून रोज हजारो माणसे जातात. हा कोण, हे थांबून वाचणारे थोडे.

मामल्यापासून ईटपर्यंत

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर ऑगस्ट १९९४ आठवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेकांनी भीतीने पक्की घरे सोडली होती. बंद घरांत साठवलेले धान्य, त्यावर पोसलेले उंदीर आणि मग बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला. त्यानंतर ताप आणि जांघेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. मांडवीचेच चित्र, फक्त गोदीऐवजी गावात. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी ते शहर सोडले. त्या वेळीही निदानावर बराच वाद झाला. पुढे प्रयोगशाळांतून जंतूची ओळख पटली.

ईट हे धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातले गाव, आणि या तालुक्याची हद्द बीड जिल्ह्याला लागते. इथल्या ओसरीवर आजही ज्वारीची पोती असतात, उंदीर असतात आणि पावसाळ्यात तापाचे रुग्णही असतात. आज अशा रुग्णासमोर डॉक्टरच्या यादीत डेंगी, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस आधी येतात. प्लेग सर्वात शेवटी. स्क्रब टायफसमध्येही ताप आणि गाठ असते, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या कडेला कपड्याआड एक छोटी काळी खपली लपलेली असते. कपडे बाजूला करून पाहिले तरच ती दिसते. वेळेवर दिसली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने रुग्ण बरा होतो. दिसली नाही तर महागड्या तपासण्यांच्या कागदांतही कधी कधी हरवून जाते.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर फक्त ताप आहे एवढे सांगून थांबू नये. ताप कधी आला, अचानक की हळूहळू, आधी काय दुखले, अंगावर कुठे गाठ किंवा खपली आहे का, घरात किंवा गल्लीत आणखी कोण आजारी आहे, शेतात किंवा गोठ्यात काय काम केले, बाहेरगावाहून कोणी आले का, घरात उंदीर मेलेले दिसले का, हे सगळे सांगावे. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगावे. लाजेने किंवा भीतीने एखादी गोष्ट दडवली तर यादीतला नेमका तोच आजार सुटून जातो. आणि डॉक्टरांनीही, रांग कितीही मोठी असली तरी, या चार प्रश्नांसाठी आणि एका नजरेसाठी दोन मिनिटे काढावीत. नेहमीचा आजार नेहमीसारखा वागत नसेल, तर थांबून पुन्हा विचार करावा.

मांडवीच्या त्या खोलीत व्हिएगस यांच्याकडे ना रक्ततपासणी होती, ना क्ष-किरण यंत्र. त्यांच्याकडे वस्तीची ओळख होती, हातांना लागलेली गाठ होती आणि आपल्याला जे दिसते ते गैरसोयीचे असले तरी बोलून दाखवण्याची तयारी होती. यातली कुठलीही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही, आणि भूम तालुक्यातल्या लहानशा दवाखान्यातही ती असू शकते.